साप ओळखा, पण हात लावू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव, वीज आणि कर्ज यांवर आपण दर बैठकीत बोलतो. आज आम्ही सापावर बोलणार आहोत. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. म्हणजे प्रश्न आपलाच आहे.

आपल्या कोरडवाहू रानातले एकाच कुळातले दोन विषारी साप म्हणजे घोणस आणि फुरसे. घोणस जाड, साधारण चार फूट लांब. पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी. उंदरांमागे ती कडब्याच्या गंजीत आणि पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरते. सुस्त पडून राहते, कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते आणि एकदम झेपावते. फुरसे जेमतेम हातभर. अंगावर पांढरट नागमोडी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण. ते मुरमाड माळावर, बांधाच्या दगडाखाली बसते. डिवचले की अंगावरचे खवले घासून करवतीसारखा आवाज करते.

दोघांपासूनचा धोका वेगळा. घोणशीला लोक अजगराचे पिल्लू समजून उचलतात. त्यात नावाचा घोळ आहे. डुरक्या घोणस हा साप बिनविषारी. त्याला हाताळून सरावलेला माणूस एक दिवस खऱ्या घोणशीला हात घालतो. फुरशाला लहान म्हणून कुणी मोजत नाही. घोणशीचे दात लांब आणि विष जास्त. फुरशाचे विष थोडे, पण माणूस मरायला पुरेसे. दोघेही अंडी न घालता पिल्ले देतात, आणि पिल्लू जन्मापासून विषारी असते. मारलेल्या सापाचे तुटलेले डोकेसुद्धा काही वेळ चावू शकते.

दोघांचेही विष रक्त गोठू देत नाही. जागा सुजते, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होतात. औषध मात्र एकच. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी आहे. म्हणून साप पकडून दवाखान्यात नेऊ नका. त्या खटाटोपात दुसरा माणूस चावून घेतो. डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर विष भिनल्याचे कळते.

ढीग आधी काठीने हलवा, मग हात घाला. रात्री पाणी धरायला बॅटरी आणि बूट घेऊन जा. साप चावला तर अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. जखम कापू नका, आवळून बांधू नका. मांत्रिकाच्या दारात घालवलेला तास परत मिळत नाही.

सर्पदंशाने शेतकरी मेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात. कागदोपत्री नोंद करून ते घ्याच. पण आमचे म्हणणे असे, की मेल्यावर पैसे देणाऱ्या सरकारने जिवंतपणी लस द्यावी. गावोगाव जाऊन विचारा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज लसीच्या किती बाटल्या आहेत, आणि रात्री ती टोचायला डॉक्टर हजर असतो का? उत्तर लिहून पुढच्या बैठकीला आणा. तिथून पुढचे आपण बघून घेऊ.