अमेरिकेची पदवी, लालबागचा पत्ता

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटं दिली आणि विषयही त्यांनीच दिला. कारण तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षभरात आपल्या बॅचच्या सात-आठ जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला. "पोरगा म्हणतो, इथे राहून, नोकरी सांभाळून अमेरिकेची एमबीए करतो. करू द्यावी का? पैसे भरावेत का?" प्रश्न मला विचारला जातो, कारण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी लालबागच्या घरात बसून हा उद्योग केला. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदम सांगतो.

अमेरिकेची पदवी आपल्या भागाला नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९१६ साली तिथून निघाले. प्रबंध लिहून झाला होता, पण तिथला नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय पीएचडी मिळायची नाही. ते पुस्तक छापून निघालं १९२५ साली आणि पदवी मिळाली १९२७ साली. तोवर बाबासाहेब कुठे राहत होते? परळच्या बीआयटी चाळीत. त्यांची कचेरी दामोदर हॉलजवळ. म्हणजे अमेरिकेची डॉक्टरेट परळच्या पत्त्यावर आली, तीही आजपासून जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी.

व्यवस्थापनाचं शिक्षणही तसंच. चर्चगेटची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५ साली सुरू झाली ती स्टॅनफर्डच्या सहकार्याने. अहमदाबादच्या आयआयएमला सुरुवातीला हार्वर्डचा हात होता. तेव्हा अमेरिकेची शिकवण्याची पद्धत इथे आली, पदवी मात्र आपलीच राहिली. आता पदवीच घरी येऊ लागली आहे. हा बदल गेल्या दहा वर्षांतला.

मी केली ती इलिनॉय विद्यापीठाची एमबीए. अर्बाना-शॅम्पेन नावाच्या गावातलं हे सरकारी विद्यापीठ. २०१६ साली त्यांनी सगळी एमबीए इंटरनेटवरून द्यायला सुरुवात केली, आणि २०१९ मध्ये तर तिथे राहून करायच्या एमबीएला नवे प्रवेश बंद करण्याचं जाहीर केलं. फी तेव्हा साधारण बावीस हजार डॉलर होती. तिकडच्या नामांकित कॉलेजात दोन वर्षं राहून शिकायचं तर खर्च कोटीच्या घरात जातो, त्या मानाने ही स्वस्त. पण स्वस्त म्हणजे काय? मी जानेवारी २०१८ मध्ये सुरुवात केली तेव्हा डॉलर चौसष्टच्या आसपास होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो चौऱ्याहत्तरला टेकला. फी एकेका विषयाची भरायची असल्यामुळे एकदम बोजा आला नाही, पण पुढचा प्रत्येक हप्ता मागच्यापेक्षा जड. एकूण पंधरा लाख धरा. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ का लिहिला, ते मला हप्ता भरताना कळत होतं!

पैशापेक्षा मोठा खर्च वेळेचा. तिकडे संध्याकाळचे सात वाजले की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात. आपल्या लहानपणी त्याच सुमाराला पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचा. आठवड्याचे पंधरा-अठरा तास जायचे. दिवसभर नोकरी, शनिवार-रविवार स्वाध्याय, आणि आमच्या लालबागात गणपतीचे दिवस! खाली ढोल, वर मी कानाला हेडफोन लावून आकडेमोड करतोय, कारण सोमवारी सकाळी पेपर द्यायचाय. आमच्या सौभाग्यवतींनी अडीच वर्षं एकही लग्न माझ्यासोबत अटेंड केलं नाही. आईला स्वयंपाकघरात रेडिओचा आवाज बारीक ठेवावा लागला. ही फी कुठल्याही पत्रकात छापलेली नसते. तेव्हा मुलगा किंवा मुलगी हे करणार असेल, तर घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. पदवीवर एकाचं नाव येतं, अभ्यासाला मात्र घर बसतं.

आता मिळालं काय?

आपल्या वर्गातल्या अर्ध्याहून अधिक जणांचे वडील गिरणीत होते. माझे साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आपण शाळेत होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत कधीच आत गेले नाहीत. घरात आपण दोनच कारणं ऐकत वाढलो, कुणी म्हणे मालकांनी घात केला, कुणी म्हणे पुढाऱ्यांनी.

पहिल्याच वर्षी हिशेबशास्त्राच्या विषयात एक साधं तत्त्व शिकवलं. कंपनीच्या ताळेबंदात जमीन घेतल्या भावाने लिहिलेली असू शकते, बाजारात तिचा भाव कितीही वाढो. त्या पहाटे मला लोअर परळ दिसलं. पुस्तकात गिरणी तोट्यात, आणि पायाखालची जमीन सोन्याची. यंत्रांत पैसा घालून नवा कपडा काढावा, की थांबावं आणि जमिनीची वाट बघावी? मालकाच्या बाजूने हिशेब मांडला तर उत्तर काय येतं, ते मी स्वतः कागदावर मांडून पाहिलं. मग १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली वाचली. त्यात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते, एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची उरली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. बाकी तुम्ही रोज डोळ्यांनी बघता.

आमच्या अभ्यासगटात ओहायोतल्या एक बाई होत्या. त्यांच्या गावचा कारखाना असाच बंद पडलेला. मी गिरणगावाचा हिशेब गटापुढे मांडला तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, आमच्याकडेही वडिलांना कुणी ताळेबंद वाचायला शिकवलं नव्हतं.

माझे वडील तोवर गेले होते. त्यांना हे समजावून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला वाटतं, पंधरा लाखांचं चीज त्या एका पहाटेने केलं. बाकी नोकरीतही उपयोग झाला, थोडी बढती मिळाली, ते सांगण्यासारखं विशेष नाही.

मिळालं नाही ते पण सांगतो. या पदवीबरोबर व्हिसा येत नाही. तिकडे राहून शिकणाऱ्यांना शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी मिळू शकते, घरून शिकणाऱ्याला ती नाही. दुसरं म्हणजे, खाजगी कंपनी पदवी मानेल की नाही ते कंपनी ठरवते. पण सरकारी नोकरी, प्राध्यापकी, पीएचडी यांसाठी परदेशी पदवीला आपल्याकडची समकक्षता लागते, आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने घेतलेल्या पदवीला ती मिळण्यात अडचण येते. मुलाला एमपीएससी करायची असेल तर हा रस्ता त्याचा नव्हे.

फसवणुकीबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याच एका मित्राच्या पुतण्याने दादरमधल्या एका संस्थेत चार लाख भरले. भिंतीवर अमेरिकेचा झेंडा, प्रमाणपत्रावर भारदस्त नाव. नोकरी लागली, कंपनीने कागदपत्रं तपासली, ते विद्यापीठ कुठल्याही यादीत नव्हतं. नोकरी गेली. २०१५ साली कराचीतली एक कंपनी उघडकीला आली होती, तिने इंग्रजी नावांची शेकडो विद्यापीठं नुसत्या वेबसाइटवर उभी केली होती. तेव्हा सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला, पदवी देतं कोण? अमेरिकेत आपल्या युजीसीसारखं एकच मान्यता देणारं खातं नाही. तिथे स्वतंत्र मूल्यांकन संस्था मान्यता देतात, आणि त्या संस्थांवर शिक्षण खात्याची नजर असते. मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी त्या खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. त्यात नाव नसेल तर पुढे बोलूच नका. व्यवसाय शिक्षणासाठी एएसीएसबी ही १९१६ पासूनची संस्था आहे, तिची मान्यता असेल तर उत्तम. आणि नाव पूर्ण वाचा. माझं विद्यापीठ इलिनॉय विद्यापीठ. शिकागोची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही वेगळी संस्था, तिला २०२५ मध्ये मुंबईत शाखा काढण्यासाठी युजीसीचं इरादापत्र मिळालं. दोन्ही खऱ्या आहेत, पण एक नव्हेत. खऱ्यांत एवढा गोंधळ, तर खोट्यांत किती!

दुसरा, इथली संस्था मध्ये कशाला? २०२२ च्या युजीसी नियमांनुसार भारतीय आणि परदेशी संस्था मिळून ट्विनिंग, संयुक्त किंवा दुहेरी पदवी देऊ शकतात. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेचीच असते, हे अनेकांना माहीत नसतं. दोन्ही संस्थांसाठी दर्जाच्या अटी आहेत, आणि नुसतं नाव भाड्याने घेऊन चालवलेले वर्ग त्यात बसत नाहीत. मधल्या माणसाकडे युजीसीच्या नियमाचा आधार लेखी मागा.

तिसरा प्रश्न मुलाला विचारा. कशासाठी? "सगळे करतात" हे उत्तर असेल तर एक वर्ष थांबा. "मला हे समजून घ्यायचंय" असं म्हणून त्याने एखादी गोष्ट सांगितली, तर कर्ज काढायलाही हरकत नाही.

बाई, तुम्ही सातवीत आम्हाला व्यवहारी अपूर्णांक शिकवताना म्हणायचात, उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवा. तिकडच्या प्राध्यापकांनी प्रत्येक स्वाध्यायाला हेच मागितलं. ती सवय मला अमेरिकेने लावली नाही, ती इथलीच. २०२० च्या मे महिन्यात करोनामुळे पदवीदानही ऑनलाइन झालं. आईने टीव्हीवर बघितलं आणि विचारलं, "शाळेत कळवलंस का?" ते आज कळवतो आहे.

ज्यांच्या मुलांना यादी तपासायची असेल, माहितीपत्रक वाचून घ्यायचं असेल, त्यांनी रविवारी सकाळी घरी यावं. चहा मिळेल. पैसे भरण्याआधी या, भरल्यानंतर नको.