रुग्णालयातली दुपार

रुग्णाची सकाळ कशी जाते हे सहसा कोणी विचारीत नाही, कारण ती जातेच. ताप पाहणारी परिचारिका येते, अंग पुसून होते, डॉक्टरांची फेरी होते, आणि व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट दुखरा पाय उचलायला लावून वर 'आणखी पाच वेळा' असे हसतमुखाने सांगून जातात. संध्याकाळी भेटीला माणसे येतात. खरा प्रश्न असतो तो दुपारचा. जेवणाची ताटे उचलल्यापासून चहा येईपर्यंतचे दोन-अडीच तास रुग्णालयाच्या घड्याळात बाहेरच्यापेक्षा लांब असतात. त्यातून वय पंच्याहत्तरीपुढचे असले, तर त्या तासांत मन नको तिथे जाऊन बसते.

खुब्याचे हाड मोडले म्हणजे पूर्वी पायाला वजन बांधून आठवड्यांमागून आठवडे उताणे पडून राहावे लागे. आता शस्त्रक्रिया होते, आणि पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करण्याचा प्रयत्न होतो. परंतु उभे राहणे वेगळे आणि घराचा जिना चढणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये महिने जातात. पक्षाघातातून उठणाऱ्याचीही तीच कथा. या काळात औषधाकडे काम थोडे आणि रुग्णाच्या इच्छेकडे फार. मन खचलेला वृद्ध व्यायाम टाळतो. व्यायाम टळला की स्नायू झिजतात. आणि स्नायू झिजले की मन आणखी खचते. हे चक्र एकदा सुरू झाले की चांगला चालता-बोलता माणूस कायमचा अंथरुणाला खिळण्याची भीती असते. त्यामुळे वडीलधाऱ्यांची करमणूक हा चैनीचा विषय नसून उपचाराचाच एक भाग ठरतो.

मुलांना आणि सुनांना हे कळत नाही असे नाही. त्या बिचाऱ्यांची धडपड पाहण्यासारखी असते. पोस्टखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना दीड महिना पुनर्वसन विभागात राहावे लागले. मुलाने पहिल्याच आठवड्यात मासिकांचा गठ्ठा आणला, चित्रपट दाखवणारी पाटी आणली, बुद्धिबळाचा पट आणला. वडील प्रत्येक वेळी 'ठेव तिथे' म्हणत आणि भिंतीकडे तोंड करीत. मुलाला वाटे, तात्यांना कशातच गोडी राहिली नाही. सहाव्या दिवशी असे आढळले, की त्यांचा चष्मा घरी राहिला आहे आणि श्रवणयंत्र उशाच्या कपाटात, पेटीत बंद आहे. तोंडाने तक्रार करण्याची पोस्टखात्यात त्यांना सवय नव्हती. लेखी असती तर कदाचित केली असती.

ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. रुग्णालयात आलेल्या वृद्धांना अकस्मात भ्रम होतो, दिवस-रात्र कळत नाही, माणसे ओळखू येत नाहीत. अमेरिकेतील येल येथे शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीवरील रुग्णांवर यासंबंधी केलेला प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यांचे उपाय अगदी घरगुती होते. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी द्यावे, आज कोणता वार हे सांगावे, गप्पा माराव्यात, थोडे चालवावे, पाणी पाजावे, रात्री झोप मोडू देऊ नये. नेहमीच्या व्यवस्थेत शंभरांत पंधरा जणांना असा भ्रम झाला; या व्यवस्थेत सुमारे दहांना. भिंतीवर दिसेलसे दिनदर्शिकेचे मोठे पान आणि उशाशी एक घड्याळ, ही करमणुकीची पहिली सामग्री होय.

यानंतर प्रश्न येतो आवडीचा, आणि येथे घरच्या माणसांची गफलत होते. वय झाले की भजनच आवडले पाहिजे, असा जणू सरकारी नियम असल्यासारखी मंडळी वागतात. ज्याने जन्मभर क्रिकेटचे समालोचन कान देऊन ऐकले, नाट्यसंगीतासाठी रात्री जागवल्या, त्याच्या उशाशी पहाटेपासून अभंग लावले जातात, आणि तो सभ्यपणे डोळे मिटून घेतो. फिनलंडमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी दोन महिने रोज संगीत ऐकले, त्यांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली. मनाची मरगळही कमी राहिली. मात्र ते संगीत ज्याने त्याने आपल्या आवडीने निवडलेले होते.

निवड हीच येथली कळीची गोष्ट आहे. 1976 साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी अमेरिकेतील एका वृद्धनिवासात असे केले: एका मजल्यावरील रहिवाशांना सांगितले, की तुमचे तुम्ही ठरवा, एक रोप घ्या आणि त्याला पाणी घाला. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण त्यांना पाणी परिचारिका घालणार होत्या. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत रचू नये. पण कुंडी तीच, रोप तेच, आणि फरक मात्र पाणी कोणी घालायचे एवढाच, ही गोष्ट विचार करायला लावते.

पक्षाघाताने उजवा हात दुबळा झालेल्या एका वृद्धेला बोटांच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दाबायला दिला होता. त्या तो चार वेळा दाबीत आणि बाजूला ठेवीत. चेंडू दाबून काय होणार, हा त्यांचा प्रश्न तसा बिनतोड होता. पुढे हातांच्या हालचाली शिकवणाऱ्या बाईंना विचारून सुनेने कापूस आणून दिला. फुलवात वळायला अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट लागते, तीच तर परत यायला हवी होती. पहिल्या वाती वाकड्यातिकड्या झाल्या. पण त्या घरच्या देव्हाऱ्यात जाणार होत्या, म्हणून त्यांना अर्थ होता. 'कालच्या पुरल्या का?' असे आईंनी सुनेला विचारले, तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांच्या बोलण्यात घराचा कारभार आला.

मराठी मुलुखाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांत आणखी एक अडचण असते. मुलाच्या नोकरीमुळे दिल्लीला किंवा बंगळुरूला आलेल्या आईवडिलांना रुग्णालयात स्वतःच्या भाषेत बोलणारे कोणी भेटत नाही. परिचारिका प्रेमळ असते, पण 'कळ लागते' आणि 'ठणकते' यांतला भेद तिला कळायचा कसा? अशा वेळी गावाकडच्या एखाद्या जुन्या स्नेह्याचा ठरल्या वेळी, दुपारी तीन वाजता येणारा दूरध्वनी पुष्कळ काम करतो. त्यात वाटेल तेव्हा बोलण्यापेक्षा ठरलेल्या वेळेला महत्त्व आहे, कारण माणूस अडीचपासून वाट पाहू लागतो, आणि वाट पाहणे हाही एक उद्योग आहे.

त्या पोस्टातल्या तात्यांची दुपारही शेवटी अशीच मार्गी लागली. घरात नातीचे लग्न ठरले होते. मुलाने एके दिवशी निमंत्रणांची दोनशे पाकिटे आणि पत्त्यांची वही पलंगापाशी आणून ठेवली, आणि करमणुकीचे नाव न काढता म्हटले, 'तात्या, हे माझ्याने होणार नाही.' वडिलांनी चष्मा लावला आणि पहिल्याच पानावर चूक काढली. 1972 साली देशात पिनकोड सुरू झाला तेव्हा ते नोकरीत नवे होते. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते, हे त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला दोनदा सांगितले. रोज वीस पाकिटे होऊ लागली. मांडीवर पाट घेऊन ताठ बसणे, जे व्यायामाच्या वेळी दहा मिनिटांत नकोसे होई, ते तासभर होऊ लागले. शाई संपली तेव्हा ते चौकट धरून स्वतः परिचारिकेच्या टेबलापर्यंत लेखणी मागायला गेले. साडेतीनला व्यायामवाले आले, तर त्यांना हाताने थांबवून म्हणाले, 'जरा बसा, एवढे सिन्नरचे आटोपू द्या.'