शेगडी आणि भट्टी

(भिलाई येथे मराठी भाषकांच्या एका मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या दिवंगत आईविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपण मला केली. मला वाटले होते की हे काम सोपे आहे. आपल्या भाषेत आईविषयी इतके लिहिले गेले आहे की त्याग, वात्सल्य, ममता हे शब्द न बोलावताच ओठांवर येतात. हे शब्द खोटे नाहीत. परंतु ते कोणत्याही आईला लागू पडतात, आणि म्हणूनच माझ्या आईविषयी ते काहीच सांगत नाहीत.

आईची आठवण म्हटली की मराठी माणसाला ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींच्या मातोश्री यशोदाबाई १९१७ साली निवर्तल्या. त्यानंतर, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत ते पुस्तक लिहिले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्या पुस्तकाने तीन पिढ्यांना रडवले हे खरे. पण मला त्याचे बळ अश्रूंत दिसत नाही. आई देव्हाऱ्यात बसवण्याची मूर्ती नसून ती शिकवणारी आहे, आणि तिच्याजवळचे ज्ञान घरातल्या रोजच्या कामांतून बाहेर पडते, हे त्या मुलाने ओळखले होते. मला ते फार उशिरा ओळखता आले. आज सांगायचे ते एवढेच आहे.

भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी माझे वडील त्या भट्टीवर कामाला लागले. आई माझ्यासह १९६१ साली आली. तिचे माहेर तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भंडारा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. तिकडेही धान आणि इकडेही धान. तरीही ती म्हणे की या गावात येऊन तिला पहिले कित्येक महिने दिशाच कळत नव्हती. सारे रस्ते सरळ, सारी घरे सारखी, आणि पत्ता म्हणजे नुसते आकडे.

त्या आकड्यांचे तिने घर केले. आमच्या ओळीत तेलुगू, बंगाली, मलयाळी, पंजाबी कुटुंबे होती. भिलाईला लघुभारत म्हणतात ते उगीच नव्हे. भाजी विकणाऱ्या बाईकडून आई छत्तीसगढी शिकली. पोळ्याला इकडे पोरा म्हणतात आणि आपल्या हरतालिकेच्या दिवशीच इकडच्या बायका माहेरी येऊन तीजा करतात, हे कळल्यावर तिला फार आनंद झाला. त्या बाईच्या घरून ठेठरी-खुरमी येई आणि आमच्या घरून करंज्या जात.

परंतु तिचे खरे घड्याळ म्हणजे वडिलांच्या पाळ्या. पहिली पाळी सकाळी सहाची, दुसरी दुपारी दोनची, तिसरी रात्री दहाची. पहिल्या पाळीला ती पहाटे चारला उठून शेगडी पेटवी. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात वडील दिवसा झोपत, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात चार मुलांना दिवसभर हळू बोलायला लावण्याचे काम तिच्याकडे असे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती केवळ आमच्याच नव्हे, तर शेजारच्या सहा घरांच्या पाळ्याही लिहून ठेवी. कोणाच्या दारात केव्हा आवाज करायचा नाही, हे तिला ठाऊक असे.

रात्री कारखान्याच्या बाजूला भट्टीची तापलेली मळी ओतली जाई, तेव्हा क्षितिज लाल होऊन उठे. आई मागच्या अंगणात उभी राहून ते पाही. वडिलांना ती अनेकदा म्हणाली, “एकदा मला भट्टी दाखवा.” वडील म्हणत, “पुढच्या खेपेस.” पुढची खेप आली नाही.

१९७६ सालची गोष्ट. मी धातुशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. रात्री आकाश लाल झाले. आईने विचारले, “तिथे ते काय ओततात रे? लोखंडच ओतून टाकतात का?”

मी म्हणालो, “तुला नाही समजायचे, आई.”

ती हसली, “बरं,” म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर पस्तीस वर्षे ती जगली. त्या पस्तीस वर्षांत तिने हा प्रश्न मला पुन्हा कधी विचारला नाही.

२०११ साली ती गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात बसलो होतो. कोपऱ्यात तिची जुनी शेगडी पालथी पडली होती. तिच्याकडे पाहताना मला एकाएकी उमगले की तिला सारे समजले असते. समजावून सांगायला पाच मिनिटे पुरली असती. न दिलेले ते उत्तर आज मी आपल्या साक्षीने देतो.

आई, भट्टी म्हणजे तुझी शेगडीच, फक्त मनोऱ्याएवढी उंच. तू वरून कोळसा घालायचीस आणि खालच्या तोंडाने वारा द्यायचीस. तिथेही वरून थरावर थर टाकतात आणि खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात, म्हणून तिला झोतभट्टी म्हणतात. एक थर कोकचा. एक थर दल्ली-राजहऱ्याच्या लाल दगडाचा. त्या दगडात लोखंड आहे, पण ते प्राणवायूला घट्ट धरून बसलेले असते. जळणाऱ्या कोकपासून निघणारा वायू तो प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. तिसरा थर नंदिनीच्या चुनखडीचा. तुझ्या माहेरी गुऱ्हाळ होते ना? उसाच्या उकळत्या रसात भेंडीचे चिकट पाणी टाकले की घाण धरून मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढतात, हे तूच मला सांगितले होतेस. चुनखडी तेच काम करते. दगडातली माती ती धरून ठेवते; ती वितळलेली मळी हलकी म्हणून वर तरंगते, आणि जड लोखंड तळाशी राहते. दोन्ही निरनिराळी बाहेर काढतात. रात्री आकाश लाल करीत असे ती ही मळी. लोखंड कोणी ओतून टाकत नव्हते, आई. त्याचे पोलाद होई आणि पोलादाचे रूळ. तू माहेरी जात होतीस त्या गाडीखाली असतात तसे. मळीसुद्धा वाया जात नाही. ती पाण्याने एकदम थंड केली की तिचे दाणे होतात आणि ते सिमेंटच्या कामी येतात.

मित्रहो, यात अवघड असे काय होते? माझ्या प्राध्यापकांनी मला हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवले. आईला ते अर्धे आधीच ठाऊक होते: हवा कोठून द्यावी, कोळसा किती फोडावा, जळून गोळा झालेला कोळसा केव्हा काढावा. मी जे शिकून आलो होतो त्याची मुळाक्षरे तिच्या हातात होती, आणि मी तिला निरक्षर ठरवले.

या कारखान्याने किती टन पोलाद दिले त्याचा हिशेब ठेवला जातो. १० लाख टनांची क्षमता पुढे २५ लाख आणि मग ४० लाख टनांवर गेली, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पहाटे चारला पेटलेल्या शेगड्यांचा हिशेब कोठेही नाही. तो ठेवणारे आपणच, त्यांची मुले. तेव्हा आईची आठवण काढताना तिच्या त्यागाचे गोडवे गाण्याआधी तिला काय येत होते आणि तिला काय जाणून घ्यायचे होते, एवढे तरी आपण आठवावे.

आपणांपैकी ज्यांच्या आई हयात आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. त्या काही विचारतील, तर हातातले काम बाजूला ठेवून उत्तर द्या. आणि भट्टी पाहायची आहे असे म्हणाल्या, तर पुढच्या खेपेची वाट पाहू नका.