वीजबिल वाचायला शिका

आज आपण सूर्याच्या विजेचा हिशेब शिकू या. ऊन फुकट आहे. पण हिशेब न वाचणाऱ्याला ते महाग पडते. आम्हाला ते कसे पडले, तेही सांगणार आहोत.

छतावर सौर पॅनेल बसवतात. त्यांवर ऊन पडले की वीज तयार होते. एक किलोवॉटच्या संचाला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. तेथे सावली नको. ऊन चांगले असले, तर रोज सुमारे ४ युनिट वीज मिळते.

खर्च मोठा असतो. म्हणून केंद्र सरकारने २०२४ साली पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान ठरले. करा बघू बेरीज! ७८,००० झाले ना? संच याहून मोठा घेतला, तरी अनुदान तेवढेच.

पण हे पैसे आधी मिळत नाहीत. संच बसतो, तपासणी होते, मग अनुदान आपल्या बँक खात्यात जमा होते. तोवर पैसे आपणच उभे करायचे. बँका यासाठी तारणाशिवाय कर्ज देतात. पण कर्ज ते कर्जच! व्याज किती, हप्ता किती, किती वर्षे, हे वाचल्याशिवाय सही करू नका. "अनुदान मिळवून देतो, मोबाइलवर आलेला आकडा सांगा," असे कोणी म्हणाला, तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

आता बिलाकडे वळू. दुपारी आपली वीज उरते. ती तारांतून वीज कंपनीकडे जाते. रात्री आपण कंपनीची वीज घेतो. शेजारणीला एक वाटी साखर दिली आणि तिच्याकडून दोन वाट्या आणल्या, तर देणे किती? एकच वाटी. नेट मीटरचा हिशेब असाच असतो.

समजा, महिन्यात १४० युनिट घेतले आणि ९० दिले. बिल ५० युनिटांचे. पुढच्या महिन्यात ८० घेतले आणि ११० दिले. मग ३० युनिट आपल्या नावावर शिल्लक. ते पुढच्या बिलात वळते होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. मार्चअखेर युनिट उरले, तर आपल्या राज्यात त्यांची रक्कम आयोगाने ठरवलेल्या दराने मिळते. तो दर साधारणपणे कमी असतो. म्हणून संच गरजेपुरताच घ्यावा.

आणखी एक गोष्ट. गावची वीज गेली, की बॅटरी नसलेला संचही थांबतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ही सोय असते.

आता आमची फजिती ऐका. आमच्या घरी संच बसला. आम्ही मुलांना वाचायला शिकवण्यात उभा जन्म घालवला. पण बिलावर आम्ही काय पाहिले? फक्त शेवटची रक्कम! ती भरून मोकळे झालो. असे तीन महिने चालले. एक दिवस शेजारच्या वहिनी आल्या. त्या रात्रीच्या वर्गात नुकत्याच अंक शिकल्या होत्या. बिलावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, 'दिलेली वीज' म्हणजे तुम्ही दिलेली ना? मग इथं शून्य कसं?"

आम्ही चष्मा पुसून पाहिले. शून्यच होते! मीटरवर तर मोठा आकडा दिसत होता. तो बिलात चढलाच नव्हता. मीटरचा फोटो आणि तिन्ही बिले घेऊन आम्ही लेखी अर्ज केला. पोच घेतली. दोन खेपा झाल्या. अखेर पुढच्या बिलात आमचे युनिट जमा झाले.

त्या दिवशी वहिनी आमच्या गुरू झाल्या. हे सांगायला आम्हाला लाज वाटत नाही.

तेव्हा उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने घरचे वीजबिल आणावे. घेतलेले युनिट, दिलेले युनिट, शिल्लक, या तीन जागा शोधू. ज्यांच्या घरी पॅनेल नाही, त्यांनीही आणावे. घामाचा पैसा कुठे जातो, ते आपल्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजे.