समाजशास्त्राचा पहिला धडा



मी जन्मभर मराठी शिकविले. समाजशास्त्राशी माझा संबंध बी. ए.च्या पहिल्या वर्षी घेतलेल्या एका दुय्यम विषयापुरताच. तरीही आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी तो निवडला, कारण या शाळेतून कला शाखेकडे जाणारी पुष्कळ मुले हा विषय ‘सोपा’ म्हणून घेतात. मीही तसाच घेतला होता.

तो सोपा वाटतो याचे कारण उघड आहे. समाज, संस्था, कुटुंब, विवाह, दर्जा, भूमिका हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील शब्द आपण घरीदारी वापरतच असतो. रसायनशास्त्राचा विद्यार्थी अपरिचित पदार्थांपासून आरंभ करतो. येथे मात्र अतिपरिचित गोष्टींकडे परक्याच्या दृष्टीने पाहावयाचे असते. हे काम अवघड आहे, आणि व्याख्या पाठ केल्या की ते सहज टाळता येते.

या बाबतीत आपण बडोदेकर खरे तर भाग्यवान. एम. एन. श्रीनिवास 1951 ते 1959 या काळात येथील महाराज सयाजीराव विद्यापीठात होते. 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून त्यांनी जे पाहिले, त्यातून ग्रंथांत दिसणारा समाज वेगळा आणि प्रत्यक्ष वावरताना दिसणारा समाज वेगळा, हा त्यांचा आग्रह दृढ झाला.

एकत्र कुटुंबाचेच उदाहरण घ्या. इरावतीबाई कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात त्याची जी लक्षणे सांगितली, त्यांत एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवधर्म ही येतात. पुढे याच विद्यापीठातील प्राध्यापक आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावाचा अभ्यास करून 1964 मध्ये दाखविले की, घरे वेगळी झाली तरी देणेघेणे आणि कर्तव्ये यांनी माणसे एकत्रच असू शकतात. ‘वेगळी चूल मांडणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आहेच. जनगणनेचा प्रगणकही एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब धरतो. मग वेगळे होणे म्हणजे नेमके काय? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही.

आमच्या प्राध्यापकांनी तो आम्हांला दिला होता. ‘तुमच्या घरात कोण कोणत्या चुलीवरचे जेवते, ते लिहून आणा,’ एवढेच त्यांनी सांगितले. आमच्या वाड्यात चौदा माणसे होती. माझी विधवा आत्या मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर आपल्यापुरते शिजवून घेई. ‘तिचे सोवळे कडक’ असे घरात म्हणत. पुढच्या दोन खोल्या भाड्याने असत, आणि येणाऱ्याचे आडनाव विचारल्यावाचून भाड्याची गोष्ट निघत नसे. यांपैकी एक अक्षरही मी लिहिले नाही. घरची गोष्ट बाहेर कशी सांगावी, असे वाटले. ग्रंथातली लक्षणे आमच्या घराला लावून दाखविली. गुण चांगले मिळाले. खाली ‘पुस्तकी’ असा एक शब्दाचा शेरा होता. तो मला तेव्हा अन्यायाचा वाटला.

त्या शेऱ्याचा अर्थ उलगडला तो बऱ्याच वर्षांनी, डॉ. आंबेडकरांचा जातिसंस्थेवरील निबंध वाचताना. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात त्यांनी तो वाचला. अंतर्विवाह हेच जातीचे मूळ लक्षण आणि विधवेवरील निर्बंध हा तो टिकविण्याचा एक उपाय, अशी त्याची मांडणी आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला हा विद्वान पुढच्याच वर्षी बडोद्यात नोकरीवर रुजू झाला, आणि या शहरात त्याला राहावयास खोली मिळाली नाही. पारशी सरायीत आसरा घेतला, तर काठ्या घेऊन आलेल्यांनी तेथूनही बाहेर काढले. कमाटीबागेत आपण सारे खेळलो. ते त्या दिवशी तेथे बसले होते, हे आम्हांला शाळेत कोणी सांगितले नव्हते. 1917 मध्ये आमचा वाडा उभा होता. तेथे ते विचारावयास आले असतील असे मी म्हणत नाही. आले असते तर काय झाले असते, हे मात्र मला ठाऊक आहे.

म्हणजे माझ्या न लिहिलेल्या दोन ओळींत त्या विषयाची दोन प्रकरणे होती. आपली मुले आज हा विषय गुजरातीतून किंवा इंग्रजीतून शिकतात. त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. परंतु बिऱ्हाड, सोवळे, भाऊबंद, माहेर हे शब्द त्यांच्या घरातच आहेत, आणि ते तपासून पाहण्याचे काम पाठ्यपुस्तक करू शकत नाही. शिक्षकांनी निदान एक निबंध तरी असा द्यावा की ज्याचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. आणि पालकांनी तो वाचून रागावू नये.

आत्या 1971 मध्ये वारली. ती शेगडी तिने स्वतः मांडली की घराने तिच्यासाठी मांडली, हे तिला विचारावयाचे राहून गेले. त्या वर्षी वही घेऊन पडवीत बसलो असतो, तर तिने सांगितले असते. तिला बोलावयाला फार आवडे.