जुना रेडिओ बोलता करताना

बोथ हे आदिलाबाद जिल्ह्यातील गाव 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मराठी, तेलुगु, उर्दू आणि गोंडी या भाषा या मुलखात शेजारी नांदत आल्या. 1948 साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. त्या काळी ज्या घरी रेडिओ असे, तेथे शेजारीपाजारीही कान देऊन बसत.

असा व्हॉल्व्हचा संच आज माळ्यावरून खाली आला, की नातवंडांना प्लग लावून कळ फिरविण्याचा मोह होतो. हा मोह आवरणे हाच जोपासनेचा पहिला धडा होय. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कंडेन्सरमधील रासायनिक थर क्षीण झालेला असतो. एकदम पूर्ण दाब मिळाल्यास त्यातून बेसुमार प्रवाह वाहतो, आणि साठ वर्षे टिकलेला ट्रान्स्फॉर्मर अल्पावधीत जळून जातो. म्हणून जाणता कारागीर प्रथम उंदरांनी कुरतडलेल्या तारा व निकामी कंडेन्सर बदलतो. मग जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा सिरीजमध्ये जोडून संच सुरू करतो. दिवा उजळून मंदावला तर बरे; प्रखर जळत राहिला तर आत दोष आहे असे समजावे.

येथे जिवाचीही काळजी घ्यावी लागते. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब साठून राहू शकतो. काही संचांत तर ट्रान्स्फॉर्मरच नसतो. त्यांच्या लोखंडी सांगाड्यातच वीज उतरू शकते. असे संच घरी उघडू नयेत, ते कारागिराच्याच स्वाधीन करावेत.

दुरुस्तीनंतर पुष्कळांची निराशा होते, ती आदिलाबाद केंद्र ऐकू येत नाही म्हणून. 1986 साली सुरू झालेले ते केंद्र एफ.एम.चे, मध्यम लहरींच्या जुन्या संचास ते लागत नाही. हा संचाचा दोष नव्हे. त्याला उंच एरियल व चांगली अर्थिंग द्यावी, खरखर करणारे एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर बंद करावेत, आणि रात्री दूरची केंद्रे शोधावीत. आभाळ गडगडण्याची चिन्हे दिसताच मात्र एरियल व प्लग दोन्ही काढून ठेवावेत.

संच भिंतीपासून चार बोटे दूर असावा व अधूनमधून चालवावा. कळ फिरविल्यावर आधी डायल उजळते, मग मंद गुणगुण येते, आणि अखेर माणसाचा आवाज. तेवढा धीर ज्याच्यापाशी आहे, त्याच्याशीच जुना रेडिओ बोलतो.