एका डच जोडशब्दाची कुळकथा

डच भाषेंत मद्यावरील करास ‘द्रांकअक्सैन्स’ असा एक जोडशब्द आहे. ‘द्रांक’ म्हणजे पेय, विशेषतः मद्य. ‘अक्सैन्स’ म्हणजे मालावर बसविलेला कर. पहिलें पद घरचें आहे. दुसरें परक्या घरून आलेलें, आणि खरी कथा त्याचीच आहे.

मध्ययुगीन डचमध्यें ह्या पदाचें एक रूप ‘असीस’ असें होतें. तें जुन्या फ्रेंचमधून आलें आणि त्याच्या मुळाशीं ‘बसणें’ ह्या अर्थाचा लॅटिन धातु आहे. अधिकाऱ्यांच्या बैठकीस जें नांव, तेंच बैठकींत ठरलेल्या करासही पडलें. मराठीभाषकांस ह्याचें नवल वाटूं नये. मराठींतही कर ‘बसवितात’. पुढें ‘सैन्स’, म्हणजे जमिनीचा खंड, ह्या शब्दाच्या सहवासानें त्यांत नकार शिरला आणि ‘अक्सैन्स’ हें रूप रूढ झालें.

हॉलंडमधील नगरांच्या तिजोरीस बीरवरील कराचा मोठा आधार असे. स्पेनविरुद्धच्या दीर्घ युद्धाचा (१५६८–१६४८) खर्चही बीर, मीठ, धान्याचें दळण अशा नित्याच्या वस्तूंवरील करांतून बराचसा भागला. श्रीमंत आणि मजूर ह्यांच्या पेल्यावर कर सारखाच. खिसे मात्र सारखे नव्हते. कर किंमतींतच मिसळलेला असल्यामुळें देणाऱ्यास तो वेगळा दिसत नसे.

ह्याच डच शब्दापासून इंग्रजीचा ‘एक्साइज’ झाला. यादवी युद्धाच्या खर्चासाठीं १६४३ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटनें हा कर बसविला, तेव्हां लोक संतापले. १७५५ च्या आपल्या कोशांत डॉ. जॉन्सन ह्यांनीं त्याची व्याख्या देतांना त्यास द्वेष्य कर ठरविलें.

इंग्रजांबरोबर तो शब्द हिंदुस्थानांत आला, तेव्हां येथें फारसी ‘आबकारी’ नांदतच होती. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या कायद्यानेंही तेंच नांव घेतलें. ‘आब’ म्हणजे पाणी. महाराष्ट्रांत आज ह्या खात्यास ‘राज्य उत्पादन शुल्क’ म्हणतात. त्या नांवांत तर पेयाचा मागमूसही नाहीं.

डच जोडशब्द त्या मानानें स्पष्टवक्ता आहे. पेला आणि तिजोरी ह्यांचें नातें तो झांकीत नाहीं. मद्यपान घटावें अशी इच्छा आणि उत्पन्न वाढावें अशी गरज, दोन्ही एकाच सरकारच्या ठायीं असतात. त्यांतील कोणती बलवत्तर ठरते, हें खात्याच्या पाटीवरून नव्हे, जमाखर्चावरून कळतें.